गोव्यातल्या छोट्या फ्लॅटमधले मॉड्युलर किचन : एका पूर्ण पावसाळ्यानंतरचा अनुभव

पर्वरीतील आमच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये मॉड्युलर किचन बसवल्यानंतर एक संपूर्ण पावसाळा आणि चवथीचा (गणेश चतुर्थीचा) सगळा स्वयंपाक त्यात होऊन गेला आहे, आणि गोव्यात कोणत्याही कपाटाविषयी मत देण्याआधी एवढा काळ जाऊ द्यावा असे मला वाटते. मार्च-एप्रिलमध्ये बसवलेले प्रत्येक किचन सुंदरच दिसते. जुलैमध्ये घरातल्या भिंतींना ओल येते, चामड्याच्या चपलेवर बुरशी धरते आणि मिठाच्या बरणीत पाणी सुटते, तेव्हा त्या कपाटांच्या आत काय भरले आहे ते कळू लागते.

आमचे स्वयंपाकघर साधारण आठ फूट बाय सात फूट आहे. त्यात एल आकाराचा ग्रॅनाइटचा ओटा, खाली कपाटे, वर भिंतीवरची कपाटे आणि एका कोपऱ्यात फ्रिज अशी मांडणी आहे. शोरूममध्ये गेल्यावर पहिला अर्धा तास दारांच्या रंगांवर आणि चकाकीवरच जातो, पण टिकाऊपणा ठरतो तो आतल्या सांगाड्यावर. एमआर (मॉइश्चर रेझिस्टंट, म्हणजे ओलावारोधक) दर्जाचे प्लायवूड पुष्कळ ठिकाणी ‘वॉटरप्रूफ’ म्हणून दाखवले जाते. प्रत्यक्षात ते हवेतील दमटपणा काही प्रमाणात सहन करते, साचलेले पाणी नाही. आयएस 710 या भारतीय मानकाचे, म्हणजे बीडब्ल्यूपी (बॉइलिंग वॉटर प्रूफ) किंवा मरीन दर्जाचे प्लायवूड 72 तास उकळत्या पाण्यात ठेवून तपासले जाते आणि तरीही त्याचे थर सुटता कामा नयेत अशी अट असते. आम्ही खालची सर्व कपाटे या दर्जाच्या 18 मिलिमीटर प्लायमध्ये करून घेतली आणि पाण्याशी थेट संबंध न येणाऱ्या वरच्या कपाटांना त्याखालच्या बीडब्ल्यूआर (बॉइलिंग वॉटर रेझिस्टंट) दर्जाचे प्लाय वापरले. दारांसाठी मात्र एचडीएचएमआर (ओलावा सहन करणारा, दाट दाबलेल्या लाकडी तंतूंचा) बोर्ड घेतला, कारण प्लायचे उंच दार दमट हवेत किंचित वाकण्याची शक्यता असते आणि हा बोर्ड सपाट राहतो. सिंकखालच्या कपाटासाठी डब्ल्यूपीसी (लाकूड आणि प्लास्टिक यांच्या मिश्रणाचा) बोर्डही सुचवला गेला होता. तो पाण्याने फुगत नाही हे खरे, परंतु त्यात स्क्रूची पकड प्लायइतकी घट्ट बसत नाही आणि लांब फळी वजनाखाली वाकते, म्हणून आम्ही तो फक्त सिंकखालच्या तळाच्या पत्र्यासारखा, वेगळा काढता येईल असा टाकला. सिंकच्या सायफनमधून मध्यंतरी पाणी झिरपले तेव्हा तो तळ बाहेर काढून पुसला आणि उन्हात ठेवला. खालचे प्लाय कोरडे राहिले.

पावसाळ्यात सर्वांत आधी कमजोर पडतात त्या कडा. लॅमिनेट पाणी आत जाऊ देत नाही, पण फळीच्या कापलेल्या कडेवर लावलेली एजबँड, म्हणजे कड झाकणारी पट्टी, जरा सुटली की बोर्ड तिथूनच ओलावा ओढून घेतो. सिंकसमोरच्या एका दाराची खालची पट्टी ऑगस्टमध्ये सुटू लागली. ओले हात लावून दार उघडण्याची सवय प्रत्येक घरात असते आणि नैऋत्येकडून येणाऱ्या पावसाच्या दिवसांत ते दार पूर्ण वाळतच नाही. बसवणाऱ्या विक्रेत्याने माणूस पाठवायला बरेच दिवस लावले, शेवटी ओळखीच्या सुताराने जुना गोंद खरवडून पट्टी नव्याने चिकटवली. नवे किचन करणाऱ्यांनी सिंकच्या आणि शेगडीच्या बाजूच्या दारांना तरी पीयूआर (पॉलियुरेथेन) गोंदाने लावलेली पट्टी मागावी. नेहमीच्या हॉटमेल्ट गोंदापेक्षा तो उष्णता आणि पाणी यांत जास्त टिकतो, आणि खर्चातला फरक त्या दोन-चार दारांपुरता फारसा जाणवत नाही.

कपाटे कोणत्या भिंतीवर लावायची याचा विचार गोव्यात जितका व्हायला हवा तितका होत नाही. आमच्या स्वयंपाकघराची एक भिंत बाहेरची असून पाऊस थेट तिच्यावर झोडपतो. तिच्यावर पाठ टेकलेले बंद कपाट म्हणजे बुरशीला आमंत्रण, म्हणून वरची सर्व कपाटे आतल्या भिंतीवर घेतली आणि बाहेरच्या भिंतीवर फक्त दोन उघड्या फळ्या ठेवल्या. साठवणीची जागा थोडी कमी झाली, पण पावसाळा संपल्यावर भिंतीवरचा रंग फुगलेला दिसला तेव्हा हा निर्णय योग्य ठरल्याचे समाधान वाटले. खालची कपाटेही जमिनीला टेकलेली नाहीत. ती सुमारे चार इंच उंचीच्या प्लास्टिकच्या पायांवर उभी असून पुढची पट्टी क्लिपने निघते, त्यामुळे आत झाडू आणि पोछा दोन्ही पोहोचतात.

ड्रॉवर हा छोट्या स्वयंपाकघराचा सर्वांत मोठा फायदा आहे. साठ सेंटिमीटर खोल कपाटात मागे ठेवलेली वस्तू सहा महिने दिसत नाही, ड्रॉवर ओढला की ती हाताशी येते. मात्र सगळीकडे एकाच प्रकारचे ड्रॉवर घेऊ नयेत. कोरड्या वस्तूंना बंद बाजूंचे टँडम ड्रॉवर (ज्यांचे रूळ तळाखाली लपलेले असतात) चांगले. घाईत अर्धवट ओली ठेवली जाणारी भांडी त्यात गेली की वास येऊ लागतो, त्यामुळे भांड्यांसाठी स्टीलच्या जाळीच्या बास्केटच बऱ्या. बास्केट सहज न गंजणाऱ्या 304 दर्जाच्या स्टीलची आहे याची खात्री लोहचुंबकाने होत नाही, कारण स्वस्त 202 दर्जाचे स्टीलही चुंबकाला सहसा चिकटत नाही. दर्जा बिलावर लिहून घेणे हाच मार्ग. समुद्राच्या खाऱ्या हवेत हा फरक लवकर उघड होतो. वास्कोत राहणाऱ्या आमच्या नातेवाइकांच्या बास्केटच्या सांध्यांवर तांबेरा धरलेला मी स्वतः पाहिला आहे.

गोव्यातल्या घराच्या गरजा कॅटलॉगमध्ये नसतात. मे महिन्यात पुरुमेंताची खरेदी होते आणि उकडे तांदूळ, सुक्या मिरच्या, आमसुले, सुके बांगडे, सुंगटे (कोळंबी) असे पावसाळ्याचे सामान एकदम घरात येते. त्यासाठी आम्ही एक रुंद खालचा ड्रॉवर पूर्ण मोकळा ठेवून त्यात घट्ट झाकणाचे डबे बसवले. सुकी मासळी मात्र बंद कपाटात नको; तिचा वास लॅमिनेटला नाही, पण आतल्या हवेला धरतो आणि शेजारच्या पिठापर्यंत जातो. नारळ खवण्याची आदोळी कुठल्याच प्रमाणित मापात बसत नाही, तिच्यासाठी सिलिंडरशेजारी दार नसलेली खण सोडली. सिलिंडरच्या कपाटाच्या दाराला तळाशी जाळी करून घेतली, कारण एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तो खालीच साचतो. कोपऱ्यातल्या कपाटासाठी महागडी फिरती यंत्रणा न घेता दोन साध्या फळ्या घेतल्या. वर्षातून मोजक्या वेळा लागणारी मोठी पातेली आणि कढया तिथे राहतात, आणि चवथीला खतखते, नेवऱ्या करताना त्या बाहेर काढायला कोणालाही कष्ट पडले नाहीत.

शेगडीशेजारचा अरुंद बॉटल पुल-आउट (बाटल्या ठेवायचा, बाहेर ओढायचा खण) मात्र पैशांच्या मानाने फारसा उपयोगी नाही. खोबरेल तेलाच्या मोठ्या बाटल्या ठेवल्या की तो एका बाजूला ओढतो आणि तेलाचे ओघळ खालच्या रुळांवर साचतात. त्याच वीस सेंटिमीटरमध्ये पोळपाट आणि ट्रे उभे राहिले असते.

किचन ठरवताना आम्ही करारात प्लायचा आयएस क्रमांक, बाहेरील 1 मिलिमीटर आणि आतील 0.8 मिलिमीटर लॅमिनेट, बिजागऱ्यांचे व चॅनलचे (ड्रॉवरच्या रुळांचे) मॉडेल आणि स्टीलचा दर्जा हे सर्व लिहून घेतले. शीट कापण्यापूर्वी कारखान्यात जाऊन त्यावरचा आयएसआय शिक्का आणि परवाना क्रमांक पाहिला व फोटो काढून ठेवला. एकदा दोन्ही बाजूंनी लॅमिनेट चिकटले की आत काय आहे ते कोणालाही पाहता येत नाही, आणि बहुतेक वॉरंटींमध्ये पाण्याने झालेले नुकसान आधीच वगळलेले असते.