सांबा-जॅझमधला माउथ ऑर्गन: आधी थिलेमान्स की म्यूर्केन्स?

माउथ ऑर्गन म्हटलं की आपल्याकडे अजून 1958 च्या 'सोलवा साल'मधलं 'है अपना दिल तो आवारा' आठवतं. त्यातला माउथ ऑर्गन आर. डी. बर्मन यांनी वाजवला होता. त्या आवाजाच्या ओढीने ब्राझीलच्या सांबा-जॅझकडे, म्हणजे सांब्याचा नाचरा ताल आणि जॅझ यांच्या मिश्रणाकडे, वळायचं ठरवलंत, तर दोन नावं हमखास समोर येतात: टूट्स थिलेमान्स आणि हेन्ड्रिक म्यूर्केन्स. दोघंही ब्राझीलचे नाहीत. पहिले ब्रसेल्सचे, दुसरे डच आईवडिलांचे पण जन्माने हॅम्बर्गचे. सुरुवात कोणापासून करावी, हे मला अनेकजण विचारतात. माउथ ऑर्गनसाठी येत असाल तर थिलेमान्स, सांब्यासाठी येत असाल तर म्यूर्केन्स, असं माझं मत आहे.

थिलेमान्स (1922–2016) या वाद्याचे सर्वांत मोठे कलाकार, यात मला शंका नाही. 1969 साली स्टॉकहोममध्ये त्यांनी गायिका एलिस रेजिना यांच्याबरोबर एक अल्बम केला आणि 1992 मध्ये 'द ब्राझील प्रोजेक्ट'. दुसऱ्यात इव्हान लिन्स, मिल्टन नासिमेंतो, जिल्बेर्तो जिल असे ब्राझीलचे मोठे गायक आहेत. तिथे गाणं मुख्य आहे. गायक ओळ संपवतो आणि उरलेल्या जागेत माउथ ऑर्गन अलगद शिरतो, जणू तीच ओळ शब्दांशिवाय पुन्हा म्हणतो. पोर्तुगीज कळत नसलं तरी डोळे भरून येतात. पण ताल कसा चालतो याकडे लक्षच जात नाही. आवाज आणि सूर सगळं लक्ष ओढून घेतात.

म्यूर्केन्सचं तसं नाही. ते मुळात व्हायब्राफोन, म्हणजे टिपऱ्यांनी वाजवायचं धातूच्या पट्ट्यांचं वाद्य, वाजवणारे. एकोणिसाव्या वर्षी थिलेमान्स ऐकले आणि माउथ ऑर्गन हाती घेतला. पुढे 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला ते रिओत राहिले. 'सांबाहिया', 'सांबाट्रोपोलिस' (2008) आणि 'सांबा टू गो' (2009) या अल्बमांत ते राहणं ऐकू येतं. सोबत मुख्यतः पियानो, बास आणि ड्रम्स. गर्दी कमी असल्यामुळे कोण काय करतंय ते वेगळं ओळखता येतं, आणि नवख्या कानासाठी मला हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

आता ही दोन वाद्यं जरा जवळून पाहू. जॅझमधला नेहमीचा क्रोमॅटिक माउथ ऑर्गन, म्हणजे सप्तकातले सगळे बारा स्वर निघणारा, बारा भोकांचा. प्रत्येक भोकात चार स्वर: फुंकून एक, ओढून एक, आणि बाजूचं बटण दाबलं की दोन्ही अर्ध्या स्वराने वर. वादकाचा श्वास सतत आत-बाहेर होत असतो आणि त्या पालटाने स्वरांत बारीक हेलकावे येतात. सांब्याच्या तुटक, पुढे सरकणाऱ्या ओळीला ते फार शोभतात. व्हायब्राफोन म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या, खाली नळ्या आणि पायाशी पेडल. पेडल दाबलं की स्वर रेंगाळतो, सोडलं की लगेच थांबतो. नळ्यांच्या तोंडाशी मोटरवर फिरणाऱ्या चकत्या असतात. मोटर चालू असली की स्वर थरथरतो. दोन्ही वाद्यांचा आवाका साधारण तीन सप्तकांचा. पण माउथ ऑर्गनचा स्वर वाजत असतानाच फुगवता येतो, आणि व्हायब्राफोनचा मात्र एकदा वाजला की विरतच जातो. म्हणून व्हायब्राफोनवाल्याला लयीतच बोलावं लागतं. म्यूर्केन्सचा माउथ ऑर्गन इतका तालात का वाटतो, याचं उत्तर मला इथे सापडतं: हात आधी टिपऱ्यांवर तयार झाले, श्वास नंतर.

आपल्या कानाला एक गोष्ट सुरुवातीला अडते. समेवर मान डोलवायची आपली सवय. सांबा दोन मात्रांचा, पण त्याचा मोठा ढोल, म्हणजे सुर्दो, जड ठोका दुसऱ्या मात्रेवर देतो. चौघांच्या जॅझ संचात, म्हणजे क्वार्टेटमध्ये, सुर्दो नसतो. ते काम बास आणि ड्रमवाल्याच्या पायाखालचा मोठा ड्रम मिळून करतात. पहिले दोन-तीन तुकडे फक्त एवढंच करा: टेबलावर पहिल्या मात्रेला बोट टेकवा आणि दुसरीला अख्खा तळहात. थोड्या वेळाने हात आपोआप चालू लागतो, आणि मग वरची चाल हवेत तरंगते आहे असं वाटतं. थिलेमान्सच्या ब्राझीलमधल्या गाण्यांवर हे करून पाहिलं तर जमतं, पण मन शब्दांकडे धावतं.

तिसरा पर्याय सांगितला नाही तर अन्याय होईल. माउथ ऑर्गनवादक मॉरिसिओ आइनहॉर्न, जन्म 1932, रिओचे. 'बातीदा जिफेरेंती' ही त्यांची दुर्वाल फेरेइरा यांच्याबरोबर केलेली रचना बोसा नोव्हाच्या, म्हणजे सांबा आणि जॅझमधून घडलेल्या संथ ब्राझिलियन शैलीच्या, काळात खूप वाजली. दोन्ही परदेशी मंडळी ऐकून झाल्यावर ते ऐका. माउथ ऑर्गन तिथल्या घरातलाच वाटतो.

ऐकताना मात्र मोबाइलचा स्पीकर नको. त्यातून बासचा आणि त्या मोठ्या ड्रमचा तळ ऐकूच येत नाही, आणि दुसरी मात्रा सापडत नाही. साधे हेडफोनही पुरतात.