एमएम_यूजर्स की एमएम_काउंट?

लिनक्स कर्नल (ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा) प्रत्येक ॲड्रेस स्पेसची, म्हणजे प्रोसेसला (चालू प्रोग्रामला) उपलब्ध मेमरी-पत्त्यांच्या संचाची, नोंद ‘एमएम_स्ट्रक्ट’ या रचनेत ठेवतो आणि तिच्यासाठी दोन संदर्भगणक (तिचे वापरकर्ते किती हे मोजणारे आकडे) वापरतो. ‘एमएम_यूजर्स’ ती मेमरी प्रत्यक्ष वापरणाऱ्यांची गणती करतो. तो शून्यावर आला की सारी मॅपिंग्ज (पत्ते आणि मेमरी यांच्या जोडण्या) मोडली जातात, रचना मात्र शिल्लक राहू शकते. तिचे आयुष्य ‘एमएम_काउंट’ ठरवतो, ज्यात सर्व यूजर्स मिळून केवळ एकाचीच भर घालतात. स्वतःची ॲड्रेस स्पेस नसलेला कर्नल थ्रेड (कर्नलचेच काम करणारा थ्रेड) आधीच्या प्रोसेसची पेज टेबल्स (या जोडण्यांचे तक्ते) उसनी घेतो, तेव्हा सामान्यतः हा दुसरा गणकच वाढवला जातो. पहिला वाढवला असता, तर संपलेल्या प्रोसेसची मेमरी विनाकारण अडकून पडली असती. प्रोसेसच्या मेमरीची पाने (पेजेस) वाचायची असल्यास मात्र ‘एमएम_काउंट’वर विसंबणे, माझ्या मते, सर्वांत फसवी चूक ठरते, कारण रचना हाती असूनही आतील मॅपिंग्ज केव्हाच गेलेली असू शकतात, म्हणून तेथे आधी ‘एमएमगेट_नॉट_झीरो’ (‘एमएम_यूजर्स’ शून्य नसेल तरच तो वाढवणारे फंक्शन) यशस्वी व्हावे लागते.