आर्मेचर जळालंच नव्हतं

इंदूरला सांवेर रोड, पोलोग्राउंडच्या पट्ट्यात ज्यांच्याकडे जुने डिझेल वेल्डिंग सेट आहेत, त्यांनी हे वाचून ठेवावं. 'आर्मेचर गेलं, रिवाइंडिंगच करावं लागेल' (म्हणजे त्यावरची तार काढून नवी गुंडाळावी लागेल) असं सांगून एका दुकानाने माझ्याकडून २२,००० रुपये घेतले. आर्मेचरला, म्हणजे जनरेटरच्या आत फिरणाऱ्या तार गुंडाळलेल्या भागाला, काहीही झालं नव्हतं.

आमचा सेट जुन्या पद्धतीचा, डीसी जनरेटर आणि कार्बन ब्रशवाला. लाइट नसलेल्या शेतावर शेड उभारायला तोच लागतो. पावसाळाभर महूकडच्या साइटवर ताडपत्रीखाली पडून होता. परत आणल्यावर इंजिन झकास चाले, पण आर्क (वेल्डिंगची ठिणगी) धरेना, रॉड चिकटे. ज्या रिवाइंडिंगवाल्याकडे नेला (दुकानाचं नाव मुद्दाम लिहीत नाही), त्याने झाकण उघडून आत टॉर्च मारली आणि निकाल दिला, "भिया, आर्मेचर जल गया." जळालं असतं तर वास सुटला असता, रिकामं चालतानाही इंजिन दमलं असतं. पण त्याने टेबलाखालून एक काळीठिक्कर कॉइल काढून दाखवली. कोणाच्या मशीनची होती देव जाणे.

सेट परत आला तेव्हा वार्निशचा घमघमाट आणि आर्क एकदम कडक. खरी मेख इथेच आहे. उघडझाप करताना नट सोडून पुन्हा आवळले की केबलच्या सांध्यावरचा गंज थोडा खरवडला जातो आणि मशीन काही काळ सुधारतं. गिऱ्हाइकाला वाटतं, रिवाइंडिंग लागू पडलं. पुढच्या साइटवर पुन्हा तेच रडगाणं.

मग ओळखीच्या जुन्या वायरमन काकांना बोलावलं. नो-लोड (वेल्डिंग न करता, रिकामं चालतानाचं) व्होल्टेज सत्तरच्या आसपास, म्हणजे ठीक. "वाइंडिंग जिवंत आहे रे, वाटेत कुठेतरी खाल्लं जातंय," ते म्हणाले. मी रॉड जाळत राहिलो आणि ते प्रत्येक सांध्याच्या दोन्ही बाजूंना मीटरच्या पिना टेकवत गेले. चांगल्या सांध्यावर मीटर जवळजवळ शून्यच दाखवतो. आमच्याकडे तीन सांध्यांवर मिळून ६ व्होल्ट! आर्क चालतो वीस-पंचवीस व्होल्टवर. १०० अँपिअरला ६ व्होल्ट म्हणजे ६०० वॅट, एका लहान इस्त्रीइतकी उष्णता नुसत्या थिंबलांत, म्हणजे केबलच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या जोडांत. विनालोड हे दिसतच नाही, कारण करंटच वाहत नसतो.

काकांनी नंतर कॉइलवर टॉर्च धरली. चकाकत्या वार्निशखाली सोयाबीनचा भुसा चिकटलेला, आमच्याच मागच्या साइटवरचा. नव्याने गुंडाळलेल्या कॉइलीत वार्निशच्या खाली भुसा कुठून येणार? लगेच फोटो काढले.

दुरुस्ती साधी होती. थिंबलमागचं रबर सोललं तर तार आत बोटभर काळी. तिथेच नवा थिंबल ठोकला तर पैसे पाण्यात. तांबं लखलखीत दिसेपर्यंत केबल कापायची, मग कलई केलेला थिंबल क्रिंप करायचा, म्हणजे दाबून पक्का बसवायचा. बोल्टावर थिंबलाला थिंबल थेट भिडला पाहिजे, मध्ये वॉशर नको. एमरी पेपरने घासून, घट्ट आवळून, वरून पेट्रोलियम जेली. खर्च २२,०००च्या पासंगालाही पुरणार नाही.

असाच आणखी एक प्रकार चालतो. फार दिवस उभ्या राहिलेल्या जनरेटरचं उरलंसुरलं चुंबकत्व जातं आणि मीटर शून्य दाखवतो. फील्ड कॉइलला (जनरेटरमध्ये चुंबकत्व तयार करणाऱ्या कॉइलला) १२ व्होल्टच्या बॅटरीचा क्षणभर स्पर्श, प्लस-मायनस नीट बघून, एवढंच काम असतं. बिल मात्र रिवाइंडिंगचं लागतं.

फोटो घेऊन दुकानात गेलो आणि आधी जुनं तांबं मागितलं. "वो तो भंगार में गया." कोणत्या भंगारवाल्याकडे, किती किलो, काहीच आठवेना. पक्कं बिल त्याने दिलंच नव्हतं, म्हणून हातात पुरावा फक्त भुशाचा. बरीच तोंडातोंडी झाल्यावर ५,००० परत मिळाले. आता कोणतंही मशीन रिवाइंडिंगला देताना मी दोन गोष्टी आधीच ठरवतो: जुनी कॉइल माझ्यासमोर कापायची, आणि निघालेलं तांबं तिथेच वजन करून बिलावर लिहायचं. परवा एका दुकानदाराने हे ऐकलं आणि म्हणाला, थांबा, आधी सांधे बघून घेतो.