जेनिफर जोन्स की रेचल होमन?

कर्लिंग म्हणजे बर्फावरून ग्रॅनाइटचे दगड सरकवत वर्तुळांच्या मध्याजवळ नेण्याचा खेळ; प्रतिस्पर्ध्यांच्या दगडांपेक्षा मध्याजवळ असलेल्या आपल्या प्रत्येक दगडाला एक गुण. कॅनडाच्या कर्लिंगमध्ये थोर कोण, जोन्स की होमन? माझं मन जोन्सकडे झुकतं, आणि त्याचं कारण 2005 च्या राष्ट्रीय अंतिम सामन्यातला एक दगड. शेवटची फेक, जोन्स पिछाडीवर. प्रतिस्पर्ध्यांचा दगड मधोमध, आडोशाला, सरळ वाटच नाही. तिने वर्तुळांबाहेर, कडेला पडलेल्या दगडावर नेम धरला. तिचा जवळपास 20 किलोचा ग्रॅनाइट तिथे आपटून आत वळला आणि मधला दगड उडवून गेला. चार गुण, विजेतेपद! आजही पाहताना अंगावर काटा येतो. विनिपेगची ही वकील पुढे 2014 मध्ये सोचीत एकही सामना न हरता ऑलिंपिक सुवर्ण जिंकली. राष्ट्रीय विजेतेपदं सहा, जागतिक दोन.

ओटावाच्या होमनचा खेळ वेगळ्या धाटणीचा. जोरकस फेक, समोरचे दगड साफ करणं. 2017 चं जागतिक विजेतेपद तिनेही अपराजित राहून मिळवलं. पण 2018 च्या ऑलिंपिकमध्ये तिचा संघ बाद फेरीही गाठू शकला नाही. ती जखम खोल होती. अशा धक्क्यानंतर नव्याने संघ बांधून 2024 आणि 2025 ला लागोपाठ जगज्जेती होणं, याला मी फार मानते.

2024 च्या राष्ट्रीय अंतिम फेरीत दोघी समोरासमोर आल्या. महिला संघासोबत जोन्सचा तो अखेरचा हंगाम होता. होमन 5-4 ने जिंकली.