कैरोहून अलेक्झांड्रिया, एका दिवसात: घ्यावी का ही सहल?

दादर, पार्ले, ठाणे, कुठल्याही टूर कंपनीच्या ऑफिसात इजिप्तचं पत्रक मागा. सात-आठ दिवसांच्या कार्यक्रमात एक दिवस हमखास दिसतो: ‘कैरो – अलेक्झांड्रिया – कैरो’. कुठे तो पॅकेजमध्येच असतो, कुठे ऑप्शनल म्हणून डॉलरमध्ये वेगळा लावलेला असतो. हे परीक्षण त्या एका दिवसाचं आहे. मत आधीच सांगतो: शहराला दहापैकी नऊ, सहलीला सध्याच्या रूपात पाच. पाचाचे सात करून घेता येतात, पण ते काम बुकिंगच्या टेबलावरच करावं लागतं. बस सुटल्यावर काही हातात राहत नाही.

वेळेचा हिशोब मांडून बघा. अंतर सुमारे २२० किलोमीटर. डेझर्ट रोड चांगला आहे, तरी हॉटेल गीझाच्या बाजूला असेल तर अडीच तास आणि कैरोच्या मध्यावर असेल तर तीन तास धरायचे. सकाळी सातला निघून संध्याकाळी सातला परत, म्हणजे हातात बारा तास. त्यातले सहा बसमध्ये गेले. चाळीस जणांच्या ग्रुपचं जेवण दीड तासाच्या आत उरकत नाही. वाटेतला चहा आणि टॉयलेट, जाता-येता मिळून अर्धा तास. उरले चार तास, आणि पत्रकावर स्थळं चार-पाच. काही कार्यक्रमांत अत्तराचं किंवा पपायरसचं (लव्हाळ्यासारख्या झाडापासून केलेल्या कागदावरच्या चित्रांचं) दुकानही घुसवलेलं असतं. तिथे पाऊण तास सहज जातो. मग कात्री लागते ती शेवटच्या स्थळाला, आणि ते बहुतेक वेळा ग्रंथालय किंवा किल्ल्याचा आतला भाग असतो.

म्हणून पत्रकातला ‘फोटो स्टॉप’ हा शब्द नीट वाचा. पंढरपुरात मुखदर्शन आणि पदस्पर्श दर्शन यांच्या रांगा वेगळ्या असतात, तसंच हे. फोटो स्टॉप म्हणजे बाहेरून मुखदर्शन. तिकीट नाही, आत जाणं नाही. प्रत्येक स्थळासमोर ‘आत प्रवेश’ की ‘बाहेरून’ हे लेखी मागा. लेखी देत नसतील तर बाहेरूनच आहे असं समजून पैसे भरा.

आत जायलाच हवं अशी जागा म्हणजे कोम अल शुकाफाची भुयारी दफनस्थळं. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातली ही जागा १९०० मध्ये एका गाढवाचा पाय जमिनीत खचला म्हणून सापडली. गोल विहिरीभोवती फिरत जाणाऱ्या ९९ पायऱ्या उतरायच्या. मृतदेह याच विहिरीतून दोरांनी खाली सोडत. उतरल्यावर नातेवाइकांच्या भोजनाची दगडी बैठक लागते. पुण्यतिथीला लोक जेवण घेऊन येत, आणि मेलेल्यांच्या जागी वापरलेली भांडी घरी न्यायची नाहीत म्हणून ती इथेच फोडून टाकत. ‘शुकाफा’ म्हणजे खापऱ्या, त्या खापऱ्यांच्या ढिगावरून हे नाव पडलं.

मुख्य गाभाऱ्याच्या दाराशी दहा मिनिटं तरी थांबा. दोन्ही बाजूंना दाढीवाले नाग आहेत, डोक्यावर इजिप्तच्या फेरोंचा दुहेरी मुकुट, आणि त्यांच्या वर ग्रीक कथांतल्या, केसांच्या जागी साप असलेल्या मेडुसाचं तोंड कोरलेली ढाल. आत गेल्यावर वळून दाराकडे पाहिलं की कोल्ह्याच्या तोंडाचा अनुबिस, इजिप्तचा मृतांचा देव, दिसतो, अंगात रोमन सैनिकाचं चिलखत घातलेला. तीन संस्कृती एकाच भिंतीवर इतक्या सहज नांदताना दुसरीकडे क्वचितच दिसतील. गाइड घाईत असला की नेमकं हेच राहून जातं. तो दगडी पेट्या दाखवून परत फिरतो. त्या पेट्यांची झाकणं मुळात उघडतच नाहीत, देह मागच्या बोळातून आत सरकवत, हेही त्याला विचारून दाखवून घ्या. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी उतरण्याआधी विचार करावा, कारण चढून येतानाही तेवढ्याच ९९ पायऱ्या आहेत. खाली हवा दमट आणि फरशी निसरडी असते; चपला नकोत, पकड असलेले बूट हवेत.

जवळच ‘पॉम्पीचा स्तंभ’ आहे. नाव चुकीचं आहे, रोमन सेनापती पॉम्पीशी त्याचा संबंध नाही. तो रोमन सम्राट डायोक्लेशियनच्या सन्मानार्थ उभारलेला. आस्वानच्या लाल ग्रॅनाइटचा, सुमारे २७ मीटर उंच. वीस-पंचवीस मिनिटं पुरतात, फक्त स्तंभाखालच्या भुयारी गॅलऱ्यांत जाऊन या. ३९१ मध्ये उद्ध्वस्त झालेल्या सेरापिस मंदिराचं तेवढंच काय ते उरलंय.

कायतबायचा किल्ला सगळ्यांच्या यादीत असतो आणि असावाच. जगातल्या सात आश्चर्यांपैकी एक असलेला दीपस्तंभ याच जागी होता. भूकंपांनी तो ढासळला आणि १४७७ ते १४७९ या काळात सुलतान कायतबायने तिथे किल्ला बांधला. भिंतींत बसवलेले लाल ग्रॅनाइटचे खांब त्या दीपस्तंभाचेच मानले जातात. ते कुठे आहेत ते गाइडला विचाराच. पाण्याच्या कडेला काँक्रीटचे ठोकळे रचलेत, मरीन ड्राइव्हची आठवण येईल. दुपारी चारच्या पुढे पोहोचलात तर तिकीट खिडकी बंद मिळण्याची शक्यता मोठी, म्हणून किल्ला दिवसाच्या शेवटी ठेवणारा कार्यक्रम सरळ नाकारा.

नवं ग्रंथालय २००२ मध्ये खुलं झालं. समुद्राकडे कललेली १६० मीटर व्यासाची तबकडी आणि १२० लिप्यांतली अक्षरं कोरलेली ग्रॅनाइटची भिंत, एवढं बाहेरून दिसतं. खरी गंमत ११ पातळ्यांत उतरत जाणाऱ्या वाचनकक्षात आहे. बॅगा बाहेर जमा कराव्या लागतात, त्यात ग्रुपची पंधरा मिनिटं जातात. तळघरात पुरावस्तूंचं छोटं संग्रहालय आहे. पाया खोदताना सापडलेलं एक मोझेक तिथे आहे: लाल पट्टा घातलेला कुत्रा, शेजारी कलंडलेलं भांडं, आणि ‘हे मी नाही केलं’ असं सांगणारे त्याचे डोळे. शुक्रवार-शनिवार ही इजिप्तची साप्ताहिक सुट्टी, त्या दिवसांत ग्रंथालयाच्या वेळा बदलतात. तुमचा अलेक्झांड्रियाचा दिवस शुक्रवारी येत असेल तर ऑफिसात वार बदलून मागा.

जेवणाबद्दल आमची खरी तक्रार आहे. मुंबईहून मासे खाणारी माणसं भूमध्य समुद्राच्या काठी न्यायची आणि तिथे त्यांना पनीर-डाळीचा बुफे वाढायचा, हे पटत नाही. मासळीच्या हॉटेलात बर्फावर मांडलेला मासा स्वतः निवडायचा, तो वजनावर मिळतो, आणि कसा करायचा ते तिथेच सांगायचं. ‘बूरी’ म्हणजे आपल्या बोयटाच्या जातीचा मासा. तो गव्हाच्या कोंड्यात घोळवून भाजलेला मागा. ‘गंबरी’ म्हणजे कोळंबी. सोबत परतलेल्या कांद्याचा तपकिरी भात, ‘सयादिया’. भाव किलोचा असतो, म्हणून वजन करून एकूण रक्कम आधी विचारा. साफ करण्याचे आणि भाजण्याचे पैसे वेगळे आहेत का तेही. शाकाहारी माणसाची सोय ‘फूल’ (शिजवलेल्या बाकल्याच्या दाण्यांची उसळ), ‘तामेया’ (त्याच दाण्यांचे तळलेले वडे) आणि ‘कोशरी’ (भात, मसूर आणि पास्ता एकत्र) यांवर उत्तम होते. ‘केब्दा’ मात्र गोमांस न खाणाऱ्यांनी टाळावं, ती बहुतेक गाईगुरांची कलेजी असते.

पुरातत्त्व खात्याच्या बहुतेक तिकीट खिडक्यांवर आता रोख चालत नाही. परदेशी व्यवहार चालू करून घेतलेलं व्हिसा किंवा मास्टरकार्ड जवळ ठेवा. कपड्यांच्या बाबतीत कैरोवर विसंबू नका: नोव्हेंबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत इथे समुद्री वादळं आणि पाऊस येतो, स्थानिक लोक त्यांना ‘नव्वा’ म्हणतात. विंडचीटर हवाच.

ग्रुपशिवाय जाणाऱ्यांसाठी किंवा कार्यक्रमात एक मोकळा दिवस असलेल्यांसाठी आमचा सल्ला सरळ आहे: कैरोच्या रामसीस स्टेशनवरून गाडी पकडा आणि एक रात्र राहा. गाडी आधी सिदी गाबरला थांबते, शेवटचं स्टेशन मिस्र. पुष्कळजण गर्दी उतरते म्हणून सिदी गाबरला उतरतात आणि टॅक्सीत पैसे घालतात. जुनं शहर बघायचं तर शेवटपर्यंत बसून राहा. मिस्र स्टेशनला लागूनच कोम अल दिक्का आहे, संगमरवरी बैठकांचं रोमन नाट्यगृह, जे एक दिवसाच्या सहलीत जवळजवळ कधीच नसतं. तिथल्या ‘पक्ष्यांच्या घराचं’ तिकीट वेगळं काढावं लागतं, ते काढाच, फरशीवरचे मोर आणि कबुतरं बघण्यासारखी आहेत. २००५ पासून बंद असलेलं ग्रीको-रोमन संग्रहालयही ऑक्टोबर २०२३ मध्ये पुन्हा उघडलंय. त्याला निदान दोन तास द्या.

या शहराशी आपलं नातं जुनं आहे. पहिल्या शतकातल्या ग्रीक खलाशांच्या मार्गदर्शिकेत सुप्पारा आणि कल्लिएना ही बंदरं येतात, आपली नालासोपारा आणि कल्याण. भारतातला माल तांबड्या समुद्रातून वाळवंट ओलांडून नाईलवर आणि तिथून अलेक्झांड्रियाला जाई. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला होईपर्यंत मुंबईहून विलायतेला निघालेला प्रवासीही सुएझला उतरून, कैरोमार्गे येऊन, याच बंदरात दुसरी बोट पकडायचा.

एक दिवसच मिळणार असेल तर क्रम असा मागा: सकाळी सहाला प्रस्थान, नऊच्या सुमारास कोम अल शुकाफा, मग स्तंभ, साडेअकरापर्यंत कायतबाय, एक वाजता मासळीचं जेवण, अडीच ते चार ग्रंथालय आतून, आणि दुकान कुठेही नाही. सकाळी सहा म्हटल्यावर ग्रुपमध्ये कुरकुर होते. नाश्ता डब्यात बांधून द्यायला हॉटेलला आदल्या रात्री सांगितलं की बसमध्येच होतो.