ईडीयू क्लिक किट: हर्पिसच्या नव्या डीएनएपाशी पेशीची प्रथिनं बघायची असतील तर

एचएसव्ही-१ (हर्पिस सिम्प्लेक्स विषाणू) वर काम करणाऱ्यांनी हा किट, म्हणजे ताज्या बनलेल्या डीएनएला रंग लावणारा संच, घ्यावा का? माझं उत्तर ठाम हो आहे. फक्त पेशी विचारपूर्वक निवडा, नाहीतर चित्र सुंदर येईल आणि त्यातून काहीच कळणार नाही.

या विषाणूचा डीएनए साधारण १,५२,००० बेसजोड्यांचा. त्याच्या प्रती काढायला त्याची स्वतःची सात प्रथिनं आहेत: यूएल९, आयसीपी८, नवी साखळी बनवणारं पॉलिमरेज आणि त्याचा जोडीदार यूएल४२, शिवाय साखळ्या उलगडून सुरुवात करून देणाऱ्या हेलिकेज-प्रायमेजचे तीन घटक. पण साखळ्या सांधणारं लायगेज त्याच्याकडे नाही, पीळ सोडवणारं टोपोआयसोमरेजही नाही. ती पेशीकडूनच घ्यावी लागतात. मला या उसनवारीतच रस आहे. नवा विषाणूजन्य डीएनए बनतोय त्या जागी पेशीचं कोण कोण हजर असतं, हे मला बघायचं होतं.

बीआरडीयू आणि ईडीयू हे दोन्ही थायमिडीनसारखे रेणू, नव्या डीएनएत थायमिडीनच्या जागी बसतात. बीआरडीयूच्या जुन्या पद्धतीत अँटीबॉडी पोचावी म्हणून डीएनएच्या साखळ्या हायड्रोक्लोरिक आम्लाने सुट्या कराव्या लागतात. त्या आम्लात आजूबाजूच्या प्रथिनांचे एपिटोप (अँटीबॉडी चिकटण्याच्या जागा) बिघडतात, म्हणजे जे बघायचं तेच जातं. ईडीयूला आम्ल लागत नाही. त्यावर छोटा अल्काइन गट असतो, तांब्याच्या साहाय्याने त्याला रंगीत अझाइड जोडलं जातं, आणि हा अझाइडचा रेणू इतका लहान की तो सहज आत शिरतो. संसर्गानंतर सहाव्या तासाला थोडा वेळ ईडीयू दिलं, फिक्स करण्याआधी ट्रायटन या डिटर्जंटने सुटी प्रथिनं धुऊन काढली आणि विषाणूच्या आयसीपी८च्या व पेशीच्या आरपीएच्या (एकेरी डीएनएला चिकटणारं प्रथिन) अँटीबॉडी लावल्या. केंद्रकातले ते मोठे, वेडेवाकडे प्रतिकृती-कप्पे ईडीयूने उजळले आणि आरपीए त्यांच्यातच दिसलं. ते बघून मी खुर्चीवरून उठले नाही, अख्खी स्लाइड बघून काढली.

आता पेशींचं. व्हेरो पेशी (माकडाच्या मूत्रपिंडातल्या) हाताशी असतात, विषाणूही छान वाढतो, म्हणून सगळे त्याच घेतात. पण त्या सतत विभाजित होतात. त्यांचा स्वतःचा डीएनएही ईडीयू घेतो, आणि आरपीए, पीसीएनए ही पेशीची डीएनए-प्रत काढणारी प्रथिनं तर तिथेही असतातच. मग दिसतंय ते विषाणूचं की पेशीचं, कसं सांगणार? एमआरसी-५ सारख्या मानवी फायब्रोब्लास्ट पेशींनी प्लेटचा तळ पूर्ण भरू द्या, सीरम कमी करून त्यांचं विभाजन थांबवा, मग संसर्ग द्या. सोबत तीन कंट्रोल हवेतच: संसर्ग न दिलेल्या पेशी, ईडीयू न दिलेल्या पेशी, आणि फॉस्फोनोअॅसिटिक अॅसिड दिलेल्या पेशी. शेवटच्यात विषाणूचं पॉलिमरेज अडतं, आयसीपी८चे बारीक ठिपके उरतात, मोठे कप्पे तयारच होत नाहीत.

माहितीपत्रक पेशीविभाजन मोजणाऱ्यांसाठी लिहिलेलं आहे, विषाणूबद्दल त्यात अवाक्षर नाही. त्यातली लांबलचक ईडीयूची वेळ पाळू नका. आणि जीएफपी (हिरवं चमकणारं प्रथिन) लावलेला विषाणू वापरत असाल तर सावध राहा, तांब्यामुळे जीएफपीची चमक जाते. तांबं, अझाइड आणि अॅस्कॉर्बेट यांचं मिश्रण केल्यावर लगेच वापरा. अॅस्कॉर्बेट तपकिरी झालेलं दिसलं तर सरळ फेकून द्या. आमचं पार्सल आलं तेव्हा बर्फाच्या पिशव्या वितळलेल्या होत्या. रंग टिकला होता, पण डिलिव्हरीच्या दिवशी कोणीतरी जागेवर असलेलं बरं.

प्रथिन तिथे दिसलं म्हणजे विषाणूला त्याची गरज आहेच असं नाही. त्यासाठी सायआरएनएने (जनुक दाबणारे छोटे आरएनए) ते कमी करून विषाणूचं उत्पादन मोजावं लागतं. कोणकोणती प्रथिनं आहेत याची यादीच हवी असेल, तर रंगाऐवजी बायोटिन अझाइड लावून डीएनए ओढून काढायचा आणि त्यावरची प्रथिनं मास स्पेक्ट्रोमेट्रीने, म्हणजे वस्तुमानावरून, ओळखायची. डेम्बॉव्स्की आणि डिलुका यांनी २०१५ मध्ये याच मार्गाने एचएसव्ही-१ च्या डीएनएवरची प्रथिनं शोधली. त्या कामाला हा छोटा किट पुरत नाही.

किंमत जास्त आहे. पहिल्यांदा किटच घ्या, हात बसू द्या. नंतर ईडीयू आणि अझाइड तेवढं सुटं मागवा. मोरचूद (तांब्यासाठी) आणि सोडियम अॅस्कॉर्बेट लॅबच्या कपाटात असतंच. अझाइडचा रंग ६४७ चा घ्या (हे आकडे रंगांच्या नावातले), म्हणजे ४८८ आणि ५६८ हे रंग अँटीबॉडींसाठी मोकळे राहतात.