ओटीपी ओरडून सांगता येतो, किल्ली नाही

आमच्या शाळेचा निम्मा कारभार ओटीपी ओरडून सांगण्यावर चालतो. हेडसर तासावर असतात, क्लार्ककाका दारातून विचारतात, "सर, आला का?" आणि सर अख्ख्या पाचवीसमोर सहा आकडे खणखणीत वाचतात. गेल्या जूनमध्ये, प्रवेशांची झुंबड असताना, काकांना 'मेलबॉक्स भरला आहे' असा मेल आला. पान हुबेहूब गुगलचं. काकांनी पासवर्ड टाकला, मोबाईलवर आलेला ओटीपीही टाकला. संध्याकाळपर्यंत शाळेच्या पत्त्यावरून पालकांना फीचे क्यूआर कोड जायला लागले होते.

मी संगणक शिकवते, म्हणून निस्तरणं माझ्याकडे आलं. त्यातून ही खरेदी झाली: युबिको कंपनीच्या 'सिक्युरिटी की एनएफसी'चे, म्हणजे खात्यात शिरताना ओटीपीऐवजी लावायच्या छोट्या किल्लीचे, सहा नग. हेडसर, काका आणि मी, प्रत्येकी दोन. वीस हजारांच्या वर बिल झालं. संस्थेचे सचिव पाकीट उघडून म्हणाले, "मॅडम, एवढंच?"

एवढंच. पेनड्राइव्हहून पातळ, बॅटरी नाही, चार्जिंग नाही. पासवर्ड टाकल्यावर संगणक किल्ली मागतो, ती यूएसबीत खोचायची आणि मधल्या सोनेरी चकतीवर बोट टेकवायचं. मोबाईलला एनएफसी (नुसतं जवळ धरून जोडायची सोय) असेल तर त्याच्या पाठीला लावली तरी चालते. हजेरीच्या यंत्रासारखी ही बोटाचा ठसा घेते, असा स्टाफरूममध्ये सगळ्यांचा समज होता. शिपाईमामांचं बोट लावून तो मी मोडला. ती फक्त समोर माणूस आहे का एवढंच बघते. म्हणून किल्लीला पिन ठेवावा. मात्र तो सलग आठदा चुकला की किल्ली बंद पडते आणि रीसेट केल्यावर तिच्यातल्या सगळ्या नोंदी जातात.

मला आवडलं ते आतलं काम. नोंदणी करताना किल्ली त्या साइटच्या खऱ्या पत्त्याशी बांधली जाते. नकली पान कितीही हुबेहूब असो, ब्राउझर किल्लीला समोर उघडलेल्या पानाचा प्रत्यक्ष पत्ता सांगतो. तो जुळला नाही की ती उत्तरच देत नाही. काका फसले तरी किल्ली फसत नाही, आणि जूनमध्ये काकांनी सावध राहावं अशी अपेक्षा मला तरी करवत नाही. गुगलने स्वतःच्या ८५ हजारांहून जास्त कर्मचाऱ्यांना २०१७ मध्ये अशा किल्ल्या सक्तीच्या केल्या. त्यानंतर एकाचंही कामाचं खातं फिशिंगमध्ये, म्हणजे अशा नकली पानांच्या सापळ्यात, गेलं नाही, असं २०१८ मध्ये सांगितलं होतं.

पहिल्या महिन्यात मात्र मीच घोळ घातला. किल्ल्या लावल्या, पण एसएमएसचा पर्याय चालूच ठेवला. म्हणजे पुढच्या दाराला नवं कुलूप आणि मागचं दार सताड उघडं. चोराने 'दुसरा मार्ग वापरा' दाबलं की झालं. ॲडमिन कन्सोलमध्ये, म्हणजे शाळेच्या सगळ्या खात्यांचे नियम ठरवायच्या पानावर, 'फक्त सिक्युरिटी की' निवडलं, तेव्हा कुठे पैसे वसूल झाले. आमचं वर्कस्पेस (गुगलची संस्थांसाठीची मेल वगैरेची सेवा) शिक्षणसंस्थांसाठीचं फुकटातलं आहे, त्यातही ही सोय मिळते.

कटकटी आहेत. ऑफिसच्या जुन्या संगणकाचं पुढचं यूएसबी ढिलं, म्हणून पन्नास रुपयांची एक्स्टेन्शन वायर आणावी लागली. हेडसरांची किल्ली पँटच्या खिशातून वॉशिंग मशीनमध्ये जाऊन आली; ती चालली, त्यांचं पाकीट मात्र वाया गेलं. दुसरी किल्ली घेतल्याशिवाय या फंदात पडू नका. आमच्या तिन्ही जादा किल्ल्या नेलपॉलिशचे ठिपके देऊन ऑफिसच्या तिजोरीत आहेत. आता तिजोरीचीच चावी कुठे असते ते मी इथे लिहीत नाही.

आणि सरकारी पोर्टलं? त्यांना ही किल्ली कळतच नाही. त्यामुळे पाचवीच्या वर्गात आकडे अजून ऐकू येतात. परवा काका सवयीने मलाही फोनवर म्हणाले, "मॅडम, तुमची किल्ली जरा सांगता का?"

दिवाळीच्या सुट्टीत परीक्षा विभागासाठी आणखी चार घ्यायच्या आहेत. सचिवांकडे फाइल गेली आहे. या वेळी पाकीट जरा मोठं घेणार आहे.